दगा साफ करू का?

फुकट बरं की विकत बरं, यावर आजवर उदंड निरूपण झालेलं आहे. पण ते सगळं परमार्थाविषयी. संगणकाच्या अँटिव्हायरसविषयी थोरामोठ्यांनी काही सांगून ठेवलेलं नाही. ठेवलं असतं, तर तापीकाठच्या प्रकाशा गावच्या चुडामण पाटलांवर भर मंडपात जी वेळ आली ती आली नसती, आणि गाव एका चांगल्या काल्याला मुकलं असतं.

चुडामणभाऊ म्हणजे सूतगिरणीतले निवृत्त टाइमकीपर. भोंगा वाजायच्या आत जो फाटकात नसेल त्याचा अर्धा दिवस कापणारा माणूस. हसता त्यांनाही येत होतं, पण ते कामाच्या वेळेत बसत नसे. हौस एकच, कीर्तन. त्यातही दगा महाराज तळोदेकरांचं. आता आमच्याकडे दगडूचा लाडाने दगा होतो. दगा हे चांगल्या सरळमार्गी माणसाचं नाव आहे. पुण्याकडच्या कानांना ते कसं लागेल, याचा विचार पाळण्याभोवतीच्या बायांनी केलेला नसतो. आणि तोवर तसं कारणही पडलेलं नव्हतं.

तरुणपणी चुडामणभाऊ महाराजांच्या पायाशी टेपरेकॉर्डर घेऊन बसत. कॅसेटची एक बाजू भरली की खट् व्हायचं, मग भाऊ गुडघ्यांवर पुढे सरकून ती उलटी करायचे. अशा पेटीभर कॅसेटी जमल्या. पुढे मुलीने, चेतनाने, लग्नाआधी त्या सगळ्या संगणकात उतरवून दिल्या, 'दगा' नावाचं एक घर, म्हणजे फोल्डर, करून. ती सुरतला सासरी गेली, संगणक माहेरी राहिला. कौसाबाईंनी त्याला क्रोशाचं झाकण केलं आणि रोज पहाटे दगा महाराज त्या झाकणाखालून बोलू लागले. कॅसेटींचं काय करायचं, हा प्रश्न भाऊंच्या शालकाने सोडवला. त्याने त्यातल्या फिती ओढून ज्वारीच्या शेतात बांधल्या. फीत उन्हात चमकते, वाऱ्यात घुमते, पाखरं बिचकतात. प्रकाशाच्या पोपटांना एका हंगामात जेवढं कीर्तन घडलं, तेवढं पुष्कळ माणसांना जन्मात घडत नाही.

सगळ्यांत लाडकं होतं काल्याचं कीर्तन. त्यात एक जागा होती. लंगडा पेंद्या शिळी भाकरी घेऊन येतो आणि लाजून पाठीमागे लपवतो. कृष्ण विचारतो, "काय लपाडी ऱ्हायना रे?" पेंद्या थरथरत भाकरी पुढे करतो. महाराज म्हणतात, "तवय किस्न काय बोलना, माहीत शे का?" आणि खट्. कॅसेट संपली. दुसऱ्या बाजूची सुरुवातच मुळी मंडपभर हशाने होते. कृष्ण काय बोलला, ते कॅसेट उलटण्याच्या गडबडीत भाऊंनी ऐकलं नव्हतं, आणि पायाशी बसूनही ऐकलं नाही, हे महाराजांना सांगणार कोण? तेव्हा भाऊ रोज पहाटे त्या जागेवर मंडपाबरोबर हसून घेत. माहीत नसलेल्या विनोदाला इतकी वर्षं इमानाने हसलेला दुसरा माणूस खानदेशात नसेल.

अलीकडे महाराजांना अर्धांगाचा झटका आला आणि आवाज गेला. तोंडाशी कान नेला तरच शब्द कळे. यंदा सप्ताहात भाऊंना कल्पना सुचली: काल्याच्या दिवशी महाराजांना तळोद्याहून आणायचं, समोर खुर्चीत बसवायचं, आणि त्यांचंच जुनं काल्याचं कीर्तन कर्ण्यावर लावायचं. महाराजांना आपला आवाज एकदा पुन्हा ऐकू द्यायचा. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष नवनीतभाई, भाऊंचे शेजारी, एके काळचे टाळकरी, आता केळीचे मोठे बागायतदार. त्यांनी मान डोलावली आणि भाऊंनी स्वतः माईकवर जाहीर केलं. टाइमकीपरने जाहीर केलेली वेळ टळत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक.

आणि त्याच दिवशी संगणक बिघडला.

बिघडला म्हणजे, आधी म्हणाला, अभिनंदन, तुम्ही मोटार जिंकली आहे. मग महाराजांचा आवाज गाळात रुतलेल्या बैलासारखा ओढू लागला. भाऊंनी सुरतला फोन लावला. चेतना तिथे दवाखान्यात नर्स. मागून कुणीतरी कण्हत होतं.

"पप्पा, व्हायरस असेल. अँटिव्हायरस टाका. फ्री पण मिळतं, पेड पण मिळतं. चांगलं बघून टाका. ठेवू?"

चांगलं बघून टाका! जावई शोधतानाही भाऊंना याहून जास्त माहिती मिळाली होती.

"काय झायं?" कौसाबाईंनी विचारलं.

इथे भाऊंनी 'व्हायरस' म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण ते कार्यालयात चोख मराठी वापरणारे गृहस्थ. म्हणाले, "संगणकात विषाणू शिरला आहे."

"विष?" कौसाबाईंचा हात परातीतच थांबला. "मंग औषद फुकटनंच ल्या."

"पैसे भरून अधिक चांगलं मिळतं, असं ऐकतो."

"विष उतारनारा पैसा लेस का कधी? त्या घरना च्या बी पेत नही. पैसा लिधा का गुण जास. मन्हा मामाले इच्चू उतारता ये. एकदाव एक जणनी जबरदस्ती नारय दिधा. तवयपाइन त्याले मुंगी बी उतरे नही."

भाऊंनी हे हसण्यावारी नेलं नाही, कारण मामांचं ते नारळ प्रकरण खरं होतं. संध्याकाळी ओट्यावर नवनीतभाईंसमोर त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या.

"जुओ भाऊ," नवनीतभाई आपल्या गुजराती वळणाने म्हणाले, "मफतचं कुंपण काट्यांचं. त्याने डुक्कर अडत नाही, आणि आपलंच धोतर फाटतं. बागेला मी तारेचं घातलं. एकदा पैसा गेला, पण निवांत झोपतो."

"पण विषावर पैसा..."

"अरे, ते विष आहे की डुक्कर आहे, हे आधी ठरवा!"

ते ठरेना. शेवटी घरात राहायचं असल्यामुळे भाऊंनी फुकटचं टाकलं.

फुकटचं फार सोज्ज्वळ निघालं. आलं, बसलं, सगळा संगणक तपासून म्हणालं, सर्व ठीक आहे. आणि थोड्या वेळाने, टुंग. 'सर्व ठीक आहे, पण आमचं विकतचं घेतलंत तर अधिक ठीक असेल.' परत टुंग. 'तुमच्या शेजाऱ्यांनी घेतलं आहे.' महाराज समाधीचं वर्णन करत असताना टुंग. 'तुम्हाला एकटं वाटतं का?' काही कीर्तनकार असतात बघा, बिदागी घेत नाही म्हणतात, आणि निरूपणात तीन वेळा घराचं गळकं छप्पर आणतात. भाऊंना असल्यांचा मनस्वी तिटकारा. शिवाय मोटार अजून जिंकलेलीच होती.

"गुण येवाले येळ लागस," कौसाबाई म्हणाल्या.

वेळ टाइमकीपरकडे नव्हता. भाऊंनी गुपचूप विकतचंही घेतलं. घेतलं म्हणणं सोपं आहे. आधी संगणकाने विचारलं, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. ज्याने उभी हयात यंत्रांच्या फाटकावर बसून माणसं ओळखली, त्याला हा प्रश्न! समोर चित्रं आली; त्यांतली सिग्नलची निवडा म्हणे. प्रकाशा गावात सिग्नल कुठला? भाऊंनी विजेच्या खांबांवर बोट ठेवलं आणि ते माणूस म्हणून नापास झाले. दुसऱ्या खेपेला शिड्या आल्या. शिड्यांवर पास झाले. मग एक आकडा चेतनाच्या फोनवर गेला, चेतना सलाईन लावत होती, तिने परत फोन करेपर्यंत तो आकडा शिळा झाला. अशा रीतीने, कन्येचे तीन रुग्ण खोळंबवून, विकतचं घरात आलं.

आल्याबरोबर त्याने फुकटच्याला चोर म्हटलं. फुकटच्याने त्याला दरोडेखोर म्हटलं. एका फडावर दोन कीर्तनकार उभे केले की काय होतं ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना अधिक सांगायला नको. दोघेही एकमेकांचीच झडती घेत बसले आणि ज्या विषाणूसाठी हा खटाटोप, तो मोटार वाटत फिरत राहिला. शेवटी संगणक जागच्या जागी गोठला.

काला दुसऱ्या दिवसावर आलेला. विकतवाल्यांच्या मदत केंद्राचा नंबर होता. पुष्कळ वेळ बासरी ऐकल्यावर एक गोड आवाज आला. "नमस्कार सर, मी रुचिका. आपली काय मदत करू?"

मराठी! तेही पुण्याचं! भाऊंना भरून आलं. त्यांनी मोटारीपासून नारळापर्यंत सगळं सांगितलं. रुचिकाने गोठलेला संगणक बंद करून पुन्हा सुरू करायला लावला आणि पुण्यात बसून त्यांच्या पडद्यावरचा बाण हलवायला सुरुवात केली. भाऊ हात मांडीवर घेऊन अदबीने पाहत बसले. तिने आधी फुकटच्याला निरोप दिला. मोटार नाहीशी केली. मग बाण थांबला.

"सर, आमच्या अँटिव्हायरसने एक फोल्डर संशयित म्हणून बाजूला काढलंय. कुठल्यातरी जुन्या, विनापरवाना सॉफ्टवेअरने बनवलेल्या फाइल्स आहेत. नाव आहे... दगा?"

"हो हो," भाऊ खुलले. "दगा."

"म्हणजे, तुम्हाला माहीत आहे हे?"

"मलाच काय, पंचक्रोशीला माहीत आहे. शहाद्यापासून तळोद्यापर्यंत कुणालाही विचारा."

"बापरे. कधीपासून आहे?"

"माझ्या तरुणपणापासून. आधी कॅसेटींत होता. मुलीने लग्नाआधी इथे आणून ठेवला."

"सर, मुलीनेच?"

"तिचे उपकार आहेत बाई माझ्यावर. रोज पहाटे उठतो तो यासाठीच."

"मी समजू शकते, सर," रुचिका हळू आवाजात म्हणाली. त्या केंद्रात माणसं काय काय सांगत असतील. "मग हे साफ करू का?"

आता महाराजांच्या ध्वनिमुद्रणात एक दोष होता. मूळ कॅसेटींची खरखर. तव्यावर मोहरी तडतडावी तशी ती सगळ्या कीर्तनाखालून चाले. ती काढता येते, असं भाऊंनी कुठेतरी वाचलं होतं, पण मागायचा धीर झाला नव्हता. आणि ही पुण्याची मुलगी आपणहून विचारते आहे!

"साफ होईल?" भाऊ पुढे सरकले.

"पूर्ण साफ होईल, सर."

"पुन्हा नाही ना येणार?"

"कायमचं जाईल. पण एकदा केलं की परत आणता येत नाही. नक्की करू ना?"

"अहो, परत कशाला आणायचं? इतकी वर्षं सोसलं. करा. तुमचं कल्याण होवो."

बाण हलला. एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे भरत गेली. भाऊंनी तिला हात जोडले.

पुढे काय झालं ते वाचकांनी ताडलं आहेच. भाऊंना ताडायला दिवेलागण झाली. संगणक वाऱ्यासारखा चालत होता. निर्मळ होता, शांत होता. खरखर अजिबात नव्हती. महाराजही नव्हते.

त्यांनी मदत केंद्राला पुन्हा फोन लावला. बासरी संपल्यावर एका गृहस्थाने हिंदीत सांगितलं की आपली तक्रार यशस्वीपणे बंद झालेली आहे.

"दिधा ना पैसा?" कौसाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, आणि भाऊंनी मान खाली घातल्यावर जास्त बोलल्या नाहीत. पोटातल्या मायेमुळे बोलल्या नाहीत, हे खरं. पण मामांचा नारळ त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

सकाळी भाऊ शालकाच्या शेतावर जाऊन आले. कडेच्या बाभळीला फितीचे चार तुकडे अजून लोंबत होते, उन्हाने पांढरे पडलेले. वारा आला की घूं करत. भाऊंनी कान लावला. त्यांच्या डोक्यावरच्या फांदीत एक पोपट बसला होता. तोही ऐकत असावा. निदान बिचकला तरी नाही.

तिथून घरी येऊन, धोतर नेसून ते थेट मंडपात. नवनीतभाईंना गाठून कानात सांगणार, तोच जीप आली. महाराजांना दोघांनी उचलून खुर्चीत बसवलं. ओळखू येऊ नये इतके वाळले होते. डोळे मात्र तेच. त्या डोळ्यांनी त्यांनी भाऊंना शोधलं, आणि सापडल्यावर कर्ण्याकडे बोट दाखवून लहान मुलासारखी मान हलवली. लाव, लवकर लाव.

"आता," नवनीतभाईंनी माईकवर गर्जना केली, "चुडामणभाऊ सगळ्यांना महाराजांचं काल्याचं कीर्तन ऐकवतील!" आणि माईक भाऊंच्या हातात देऊन ते बाजूला, पाण्याच्या पिंपाशी जाऊन उभे राहिले.

वायर जोडायला संगणक आणलेलाच नव्हता; तो घरी होता, निर्मळ. मंडपात गाव होतं, समोर महाराज होते, आणि कमिटीच्या घड्याळात ठरलेली वेळ झालेली होती. भाऊंनी तोंड उघडलं ते दिलगिरी व्यक्त करण्यासाठी. पण पहिलं वाक्य जे बाहेर पडलं ते दिलगिरीचं नव्हतं. ते महाराजांचं होतं.

मग दुसरं आलं, मग तिसरं. रोज पहाटे ऐकलेलं, ते आतून आपोआप उलगडत निघालं, जशी रिळावरून फीत सुटावी. भाऊंचा गळा काही गाणारा नव्हे. अभंग ते हजेरी पुकारल्यासारखा म्हणत. पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. महाराज जिथे खाकरले होते तिथे भाऊ खाकरले. महाराजांनी जिथे "ओ माय, पोरगं रडी ऱ्हायनं, त्याले पहिले पाज," म्हटलं होतं, तिथे भाऊंनीही म्हटलं. बायकांनी वळून पाहिलं, मूल कुणाचंच रडत नव्हतं. टाळकरी आधी चपापले, मग त्यांनी सूर धरला. खुर्चीतले महाराज पुढे वाकले होते. त्यांचे ओठ हलत होते.

आला पेंद्या, लंगडत आला. भाकरी पाठीमागे लपवली. कृष्णाने विचारलं. पेंद्याने थरथरत भाकरी पुढे केली. भाऊ रंगात म्हणाले, "तवय किस्न काय बोलना, माहीत शे का?"

आणि खट्.

पुढे काहीच नव्हतं. भाऊंनी आत धुंडाळलं. आत फक्त हशा होता. मंडप वाट पाहत होता. कपाळावरून घाम निघाला तो कानापर्यंत गेला. इतकी वर्षं दुसऱ्यांचे अर्धे दिवस कापले, त्याचा हिशेब देवाने आज मांडला असं त्यांना वाटलं. शेवटी ते महाराजांच्या खुर्चीशी गेले, खाली बसले आणि माईक लवंडलेला राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल हे ध्यानात न येता म्हणाले, "महाराज, माले माहीत नही. मी तवय कॅसेट पलटी ऱ्हायंतू."

महाराजांनी माईक ओठांशी ओढला. कर्ण्यातून आधी नुसता वारा आला. मग त्या वाऱ्यात शब्द आले.

"भाऊ... किस्न तवय काहीच बोलना नही."

मंडप पुढे सरकला.

"मी बोलनारच व्हतू. तितलामा तू गुडघावर निंघना. तुन्हा धोतरना सोगा टाळकरीना टाळमा अडकेल व्हता. तू पुढे, अन् तुन्हामांगे तो टाळकरी बी गुडघावर. बैल अन् गाडी. लोके ते देखीसन हासनात."

टाळकरी कोण, हे विचारायची गरज पडली नाही. पाण्याच्या पिंपाशी उभे असलेले सप्ताह कमिटीचे अध्यक्ष एकदम पिंपामागे दडले होते.

"मंग किस्न काय बोलना?" बायकांच्या बाजूने आवाज आला. तो कौसाबाईंचा होता.

महाराजांनी श्वास घेतला. "काय बोली माय? तवलोंग त्यान्हा तोंडमा भाकर व्हती."

आणि मंडप हसला. भाऊ ऐकत राहिले. हे हसू त्यांना पाठ होतं: आधी पुढच्या रांगेतला फटाका, मग बायकांची लाट, शेवटी मागचे म्हातारे. त्यातले काही आवाज आता नव्हते, तेही त्यांच्या कानाने टिपलं. मग तेही हसले. नेहमीप्रमाणेच हसले, फक्त या खेपेला कारण माहीत होतं. महाराजांच्या घशातून काहीतरी खुळखुळत होतं. तळोद्याहून आलेला त्यांचा पुतण्या घाबरून पाणी आणायला धावला, पण ते हसत होते.

दहीहंडी फुटली, काला वाटला गेला. महाराजांनी बिदागीच्या पाकिटाला हात लावला नाही. शिळी भाकरी आहे का विचारलं, आणि कौसाबाईंनी घरून आणून दिली ती जीपमध्ये बसून खाल्ली.

घरी नवनीतभाई मागोमाग आले. चेहरा अपराधी, हातात मोबाईल. पिंपाशी उभं राहून त्यांनी सगळं ध्वनिमुद्रित केलं होतं. मध्ये नळाचा आवाज होता, एकदोनदा त्यांचं स्वतःचं फिसकन हसणं होतं. पण चुडामणभाऊंची हजेरी होती आणि शेवटी महाराजांचा तो वारा होता.

भाऊंनी क्रोशाचं झाकण काढलं. नवनीतभाईंनी वायर जोडली. जुन्याच नावाचं नवं घर करून त्यांनी फाइल आत सोडली, तोच पडद्यावर विकतच्याची चौकट उगवली. टुंग न करता, अत्यंत सभ्यपणे.

"काय म्हनी ऱ्हायना तो?" कौसाबाईंनी विचारलं.

"विचारतोय," भाऊंनी चष्मा सावरत वाचलं, "'दगा' अनोळखी आहे. यावर विश्वास ठेवायचा का?"

"पैसा लिसन बी इतलं कयत नही त्याले?"

भाऊ पुढे वाकले. मग काय आठवलं कोण जाणे, थांबले, मागे वळून धोतराचा सोगा आधी नीट खोचला, नवनीतभाईंकडे एकदा रोखून पाहिलं, आणि 'होय' दाबलं.